सरड्यापुरती सावली

आमच्या दारापासून फाटकापर्यंत थोडी मोकळी जागा आहे. एक चारचाकी आत घेतली तर दुसरीला रस्त्यावरच थांबावं लागेल, एवढीच. पण तिच्यावरून आमच्या घरात जेवढी तोंडं वाजली, तेवढी शेताच्या वाटणीवरूनही कुणाकडे वाजली नसतील.

लातूरच्या बाहेरच्या अंगाला, जिथं परवापरवापर्यंत सोयाबीन उभं असायचं, तिथं प्लॉट पडले आणि त्यातल्या एकावर आम्ही घर बांधलं. घराचं तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपार कलली की सूर्य समोरून जो आत शिरतो, तो आमच्या सोफ्यावर बसूनच मावळतो. म्हणून त्या मोकळ्या जागेत काहीतरी लावायचं ठरलं. नवऱ्याला तिथं सिमेंटचे ठोकळे बसवायचे होते, झाडायला सोपे म्हणून. त्याचं म्हणणं आम्ही दोघींनीही कानावर घेतलं नाही. दोघी म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, कडुलिंब लावा. मी म्हणाले, गवत.

गवत म्हटलं की लोकांना लॉन आठवतं, मंगल कार्यालयातलं. ते नव्हे. ज्या गावात टँकरचा हॉर्न वाजला की माणसं भरल्या ताटावरून उठतात, तिथं लॉनला पाणी पाजण्याइतकं मला अजून वेड लागलेलं नाही. मला हवा होता पवना. आपल्याच माळावरचं गवत. त्याला कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ते ठोंब धरून छातीएवढं वाढतं. दिवाळीनंतर त्याचा रंग पालटायला लागतो. आधी पिवळा, मग तांबूस, आणि संध्याकाळचं ऊन त्याच्यातून गेलं की बघणाऱ्याचं बोलणं आपोआप थांबतं. निदान माझं थांबतं, आणि माझं बोलणं थांबवणं किती अवघड आहे हे नवऱ्याला विचारा.

ह्या गवताचं वेड मला माहेरून आलं. माझं लहानपण नांदेडजवळ विष्णुपुरीला गेलं. वडील तिथं नोकरीला होते, राहायला क्वार्टर होतं, आणि क्वार्टरच्या मागं माळ. हिवाळ्यात वाळलेल्या पवन्यावरून आम्ही पोरं खोक्याचे पुठ्ठे बुडाखाली घेऊन घसरत यायचो. संध्याकाळी आई माझ्या फ्रॉकमधली कुसळं वेचायची आणि एकेका कुसळाला एकेक शिवी द्यायची. क्वार्टरच्या पुढच्या बाजूला मोठमोठी झाडं होती, त्यांच्या सावलीत सायकली उभ्या असायच्या. त्या झाडांकडे मी कधी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सावली फुकट मिळत होती ना, मग तिचं कसलं कौतुक.

सासूबाईंचं सगळं उलट. जळकोटच्या पुढं एका गावात त्यांचं पत्र्याचं घर आहे आणि दारात लिंब. आमच्याकडे कडुलिंबाला नुसतं लिंबच म्हणतात. घरात त्या फक्त झोपायला आणि स्वयंपाकाला जातात, बाकी सगळा संसार लिंबाखाली. ज्वारी निवडायची ती तिथंच, भांडण मिटवायचं ते तिथंच, लावायचं तेही तिथंच. शिवाय जन्मभर शेतात राबलेल्या बाईला गवत म्हणजे काय, तर वैरी. हरळी, कुंदा, लव्हाळा, ह्यांच्याशी लढून लढून त्यांची कंबर वाकली. अशा बाईला मी सांगत होते की आत्या, मी दारात मुद्दाम गवत लावणार आहे. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडची रीत आहे.

"लिंबाची मुळं हौदात शिरतील," मी म्हणायचे.

"शिरू दे. पानी प्यायलाच शिरतील, चोरी करायला न्हाई."

"वरून विजेची तार गेलीय. फांद्या वाढल्या की लाईनमन येऊन छाटून टाकेल."

"छाटल्यावर फुटत न्हाई व्हय लिंब? लई जल्दी फुटतो."

"अहो आत्या, पवना एका पावसाळ्यात उभा राहतो. पाणी मागत नाही, पानं गाळून गटार तुंबवत नाही. त्यात मुनिया पाखरं येतात, इवली इवली. तुमच्या लिंबाला सावली धरायला सात-आठ वर्षं लागतील."

"आन् तुझ्या गवताच्या सावलीला कोन बसनार हाय? सरडा?"

हा सरडा मी मनात जपून ठेवला.

पण हे भांडण नुसतं शोभेचं नव्हतं. सासरे गेल्यापासून सासूबाई गावात एकट्या होत्या. एकदा न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरून पडल्या आणि शेजारीण हाकेला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा कायमचा कुरकुरायला लागला. तेव्हापासून माझ्या नवऱ्याची एक सवय झाली आहे. आईनं फोन उचलला नाही की तो बूट घालायला लागतो. दुसऱ्यांदा उचलला नाही की गाडीची किल्ली शोधतो. बहुतेक वेळा त्या फोन घरात ठेवून लिंबाखाली बसलेल्या असतात.

त्यांनी लातूरला आमच्याकडे राहायला यावं, असं मला मनापासून वाटत होतं. हे ऐकून माझ्या मैत्रिणी माझ्याकडे संशयानं बघतात. सुनेला सासू का हवी? तर ऐका. माझा नवरा भांडत नाही. दोन वाक्यं झाली की "तुझंच बरोबर" म्हणून वर्तमानपत्र तोंडापुढं धरतो. वीस-बावीस वर्षं वर्तमानपत्राशी भांडून मी कंटाळले होते. सासूबाई शब्दाला शब्द देतात, एकही खाली पडू देत नाहीत. त्या येऊन चार दिवस राहिल्या की घराला जाग येते, आणि त्या गेल्या की मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढच्या भांडणात त्यांचं पारडं जड झालं असतं.

राहायला या म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर. "तुझ्या दारात बसायला सावली कुठाय? लिंब लाव. सावली पडली की येते."

आता मीही काही दूधखुळी नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं सात-आठ वर्षांनी येते म्हणणं म्हणजे नाही म्हणण्याची सभ्य तऱ्हा झाली. मला राग आला. तुम्हाला यायचंच नाही ना, मग मीही कुणाच्या सावलीची वाट बघत बसणार नाही. त्याच आषाढात मी नवऱ्याला गाडी काढायला लावली, विष्णुपुरीच्या माळावरून पवन्याचे ठोंब खणले, ओल्या पोत्यांत बांधले आणि मागच्या सीटवर बसवून लातूरला आणले. वाटेत एकदा ब्रेक लागला तेव्हा एक ठोंब नवऱ्याच्या खांद्यावर येऊन टेकला. त्यानं तो काढला नाही. म्हणाला, असू दे, बोलत तर नाही.

लागवड झाली आणि चार-आठ दिवसांत सासूबाई बघायला आल्या. फाटकातच थबकल्या.

"माय माय! जलमभर गवत उपटून माझी कंबर गेली, आन् माझ्या लेकानं त्ये गाडीत बसवून आनलं! मला कधी बसवलं व्हतं का रं असं मागच्या शिटावर, ऐसपैस?"

त्या खेपेला त्या दोनच दिवस राहिल्या, आणि दोन्ही दिवस विलक्षण शांत होत्या. मला वाटलं, हरल्या.

पवन्यानं मात्र माझी लाज राखली. पहिल्या पावसाळ्यात गुडघ्याला आला, दुसऱ्यात कमरेच्या वर गेला, तिसऱ्यात छातीला लागला. गल्लीत माझं नाव पडलं, गवतवाल्या मॅडम. शेजारच्या काकूंनी अगदी मायेनं विचारलं, "बांधकाम अर्धवट राहिलं का हो तुमचं?" पवन्याबरोबर थोडं कुसळी नावाचं गवतही न बोलावता आलं होतं. त्याची कुसळं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांत घुसायची. गॅस सिलिंडर घेऊन येणारा माणूस आमच्याकडे पॅन्ट दुमडून यायला लागला. कुरिअरवाला फाटकाबाहेरून ओरडायचा. नवऱ्याचे मित्र आमच्या घरून गेले की कुठं गेले होते ते त्यांच्या बायकांना मोज्यांवरून कळायचं. मला ह्या सगळ्याचा आनंदच होता. कुणीतरी वेडं म्हणाल्याशिवाय घराला शोभा येत नाही, असं माझं मत आहे.

आणि दुसरा आनंद म्हणजे सासूबाई बदलल्या. त्या वारंवार यायला लागल्या. गुडघ्याला लातूरच्याच डॉक्टरचं औषध लागू पडतंय म्हणाल्या. आल्या की सकाळी तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, भांड्यात राहिलेलं पाणी, सगळं एका पातेल्यात साठवायच्या, आणि साडी वर खोचून गवतात शिरायच्या. मधोमध जाऊन ते पाणी ओतून यायच्या.

"आत्या, पवन्याला पाणी लागत नाही."

"लागत न्हाई मनून काय उपाशी ठिवायचं? तू लाड करून राहिलीस, मी पन करते जरा."

मी विरघळले. नवऱ्याला म्हणाले, बघितलंत, आत्यांना गवत आवडायला लागलं. तो भाकरी मोडत होता. त्यानं मान खाली घालून ती बराच वेळ मोडली.

मला मात्र त्या गवतात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. पहिल्याच वर्षी त्यांनी आत साप पाहिला होता. "काळा, लांब. तुला न्हाई वळखायचा. तू लांबूनच बघ." मला वाटलं, गवत काढून टाकावं म्हणून ही युक्ती असणार. म्हणून मी हट्टानं गवत ठेवलं आणि तितक्याच हट्टानं आत जाणं टाळलं, कारण युक्ती असली तरी साप खराही असू शकतो. मी आपली पायरीवरून पवना बघायचे आणि पाहुण्यांना व्याख्यान द्यायचे. हिवाळ्यात सगळं गवत तांबूस झालं की मधोमध थोडं हिरवं दिसायचं. तेही मी बोट करून दाखवायचे. "बघा, वरून वाळला तरी पवना आतून हिरवा राहतो."

तिसऱ्या हिवाळ्यात मुलीचा साखरपुडा ठरला. मुलाकडची माणसं नांदेडची. होणाऱ्या विहीणबाईंशी फोनवर बोलताना मी लँडस्केप हा शब्द इतक्या वेळा वापरला की त्यांनी शेवटी विचारलं, साखरपुडा घरीच आहे ना? घरीच होता, मुद्दाम. फोटो पवन्यासमोर काढायचे होते, तिरप्या उन्हात.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गावाकडून सासूबाई आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या दोन जावा, म्हणजे माझ्या मोठ्या काकू आणि धाकट्या काकू. आमच्याकडे कार्य असलं की बायका अशा आधी येतात ते कामाला. आल्या की पदर खोचतात आणि विचारतात, काय करायचंय? मी म्हणाले, काही नाही. सगळं केटररला दिलंय.

"लाडू?"

"तेही तोच आणणार."

"मग आमाला कामून बोलावलं?"

"बसायला, काकू. आरामात बसा."

दोघींची तोंडं पडली. पाहुणी म्हणून बसायला सांगणं म्हणजे त्यांना परकं केल्यासारखं झालं. त्यांनी घरभर फिरून काम शोधलं. भांडी बाईनं घासलेली, गहू दळून आणलेले, फरशी पुसलेली. होती-नव्हती ती तूरडाळ त्यांनी दोनदा निवडली. मला हे सगळं दिसत होतं, पण मला मुलीला घेऊन पार्लरमध्ये जायचं होतं. नवरा कार्याचं सामान आणायला गेला होता. सासूबाई गुडघ्याची गोळी घेऊन आत झोपल्या होत्या. मी दोघींना चहा करून दिला आणि निघाले. फाटकातून वळून पाहिलं तेव्हा त्या दोघी पायरीवर बसून पवन्याकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, सौंदर्य कुणालाही भुलवतं.

परत येताना माझा नेहमीचा ऑटोवाला आमचं घर ओलांडून पुढं गेला. मी ओरडले तेव्हा थांबला. "मॅडम, तुमचं गवत कुठाय?" त्याची खूणच नाहीशी झाली होती.

दार लख्ख झालं होतं. पवना जमिनीलगत कापलेला, अगदी एकसारखा; मधोमध हिरवं काहीतरी तेवढं उरलेलं, पण माझं लक्ष कापलेल्याकडे. जागा झाडलेली, शेणसडा घातलेला. आमच्या कॉलनीत शेण कुठून पैदा केलं देव जाणे. सड्यावर रांगोळी. माझ्या तीन वर्षांच्या पवन्याच्या पेंढ्या, त्याच्याच पिळानं बांधलेल्या, भिंतीशी नीट रचलेल्या. एक पेंढी फाटकाबाहेर कुणाच्या तरी म्हशीपुढं टाकलेली आणि म्हैस डोळे मिटून खात होती. दोन्ही काकू पायरीवर घाम पुसत बसल्या होत्या, प्रसन्न.

"आलीस का बाई? झालं का न्हाई आता दार माणसाचं?" मोठ्या काकू म्हणाल्या.

धाकट्या म्हणाल्या, "लेकीची सोयरिक, उद्या पाव्हने येनार, आन् दारात छातीइतकं वाळलं गवत! काय मनले असते? तू कामात. आमी मनलं, उगं बसून तरी काय करून राहिलो. इळा शेजारणीकडून आनला."

मला ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडणार? आमच्याकडे दारात गवत उगवलं म्हणतात ते ओसाड पडलेल्या घराला, जिथं कुणी येत-जात नाही त्या घराला. ह्या बायांनी माझ्या लेकीच्या कार्याआधी माझ्या घराची अब्रू वाचवली होती. त्यांनी दुसरं काही केलं असतं तरच नवल. मुलीनं तोंड दाबून हसायला सुरुवात केली आणि मला पार्लरमध्ये केलेल्या चेहऱ्याचा विचार न करता रडू आलं.

तेवढ्यात आतून सासूबाई धावत आल्या. गुडघेदुखीची बाई, अनवाणी, अंबाडा सुटलेला, थेट कापलेल्या गवताच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"आगं भवान्यांनो! काय केलं गं हे! मला इचारायचं न्हाई व्हय?"

मी बघतच राहिले. माझ्या गवतासाठी त्या आपल्या जावांशी भांडायला उभ्या राहिल्या होत्या. मी पुढं झाले, त्यांचा हात धरला आणि रडत रडतच त्यांचीच समजूत घालायला लागले. "राहू द्या आत्या. पवना मुळापासून परत फुटतो. पावसाळ्यात येईल."

"सरक बाजूला," त्या म्हणाल्या. "पाय पडंल."

कशावर? मी खाली पाहिलं. त्यांच्या पदराआड कमरेएवढं एक झाड होतं. हिरवंगार, सरळ. बुडाशी दगडांचं गोल आळं, आळ्यात तांदळाच्या धुवणाची पांढरी खूण. कडुलिंब.

"लिंबाला कोन इळा लावतंय बाई," धाकट्या काकू दुखावून म्हणाल्या. "आमाला काय येड लागलंय? बाजूबाजूनं कापलं हातानं धरून."

मोठ्या काकू गुडघ्यावर हात टेकत उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी झाडाकडे खालून वर पाहिलं. फार वर पाहावं लागलं नाही. "हाच का गं त्यो तुझा लिंब? गावात सांगून राहिलीस, इवडा झाला, तिवडा झाला. आमाला वाटलं, आसंल लई मोठा."

सासूबाई वाकून आळ्यातले दगड सारखे करायला लागल्या. तीन वर्षांत नव्हे, लग्नापासून पहिल्यांदा मी त्यांना समोरच्याचा शब्द खाली पडू देताना पाहिलं.

"गावात काय सांगतात त्या, काकू?" मी विचारलं.

"हेच की. लातूरला सुनेच्या दारात लिंब लावलाय मी. त्यो डोक्याइतका झाला की जानार हाय तिकडंच, आसं मनती. गावातल्या लिंबाखालची बसायची जागा तिनं कवाच मला देऊ केलीय. खोडाला टेकून बसायची, चांगली जागा हाय ती. मी वाटच बघून राहिले."



मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसायला लागली. त्या पहिल्या खेपेचा शांतपणा. लिंबोळ्या पिकतात तो आषाढच. पिशवीत ताज्या लिंबोळ्या आणल्या असणार आणि मी दुपारी डोळा लावला तेव्हा माझ्याच भुसभुशीत मातीत पेरल्या असणार. ते धुवणाचं पाणी. तो काळा, लांब साप. लातूरच्याच डॉक्टरचं ते लागू पडणारं औषध. आणि मी तीन वर्षं पाहुण्यांना बोट करून दाखवत आले तो आतून हिरवा राहणारा पवना!

राग आला, हे खरं आहे. पण तो टिकेना. ज्या बाईला यायचंच नाही असं मी धरून बसले होते, ती बाई दर खेपेला पातेलं भरून पाणी घालत होती. साऱ्या गावाला ठाऊक होतं की ती येणार. मला सोडून.

एवढ्यात नवरा फुलांच्या टोपल्या घेऊन आला. त्यानं कापलेलं गवत पाहिलं, लिंब पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि टोपल्या घेऊन तसाच मागं वळायला लागला.

"थांबा. तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल," तो म्हणाला. नवऱ्यांना हे वाक्य कुठं शिकवतात कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी साखरपुडा यथासांग झाला. विहीणबाई फाटकातून आत आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि फार नम्रपणे विचारलं, "ते लँडस्केप मागच्या बाजूला आहे का?" समोर कापलेल्या गवताची खुंटं, शेणसडा, रांगोळी आणि मधोमध कमरेएवढा लिंब. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हेच. नवीन डिझाईन हाय. मधी एकच झाड ठिवत्यात." विहीणबाईंनी मान डोलावली. सगळे फोटो त्याच्यासमोर निघाले. प्रत्येक फोटोत नव्या जोडप्याच्या मधून एक फांदी डोकावते आहे.

संध्याकाळी पाहुणे गेले. काकू आत केटररच्या लाडवांना नावं ठेवत होत्या. सासूबाईंनी प्लॅस्टिकची एक खुर्ची ओढत नेली आणि लिंबाजवळ टाकून बसल्या. मी पायरीवर बसले. ऊन अजून तिरपं तोंडावर येत होतं. त्यांनी खुर्ची थोडी सरकवली, मग अजून थोडी, आणि एक पाऊल पुढं करून बघायला लागल्या. त्या इवल्याशा झाडाची विरळ सावली त्यांच्या पावलावर पडली होती. बाकी सगळ्या त्या उन्हातच.

"बघ," त्या म्हणाल्या. "पडली सावली."

"सरड्याला पुरेल," मी म्हणाले. ही संधी मी तीन वर्षं शोधत होते.

त्या हसल्या. मग खुंटांकडे बघत म्हणाल्या, "तुझं गवत यिऊ दे परत. त्याच्या आडोशानं वाचला त्यो. न्हाईतर बकऱ्यांनी ठिवला असता व्हय? उन्हाळ्यात बुडाला गारवा पन ऱ्हातो."

"आणि सापाचं काय?"

"त्यो गेला. त्याचं काम झालं."

मी पायरीवरून उठून त्यांच्याजवळ गेले. मग जे तीन वर्षं बोलायचं टाळलं होतं ते बोलून टाकलं. "आत्या, तुम्ही गेलात की मला घर खायला उठतं. लिंब डोक्याइतका व्हायला अजून दोन-तीन वर्षं, नीट सावली धरायला पाच-सहा. तोवर तिकडं एकट्या राहणार का?"

त्यांनी पाऊल सावलीतून काढलं नाही. लिंबाचं एक पिवळं पडलेलं पान खुडलं, बोटांत चुरगाळलं, वास घेतला.

"तोवर तिकडं कशी राहू?" त्या म्हणाल्या. "झाड हितं, आन् मी तिकडं? ह्याची सावली पडंपर्यंत मला हितंच ऱ्हावं लागंल. तुझ्या भरवशावर सोडलं तर पाठ फिरताच गवत लावशील, गवतवाली."

मी आत गेले आणि मोठ्या काकूंना सांगितलं की गावच्या लिंबाखालची, खोडाला टेकून बसायची ती जागा आजपासून तुमची.